बाणापुढच्या ओळी

चूक माझी होती. एवढं छोटं वाक्य लिहायला मला तीस वर्षं लागली, म्हणून ते आधी लिहून टाकतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यात, मॅसॅच्युसेट्समधल्या एका विद्यापीठाच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसून मी एका म्हाताऱ्या माणसाचे शब्द पुसले. ते निष्काळजीपणाने झालं. पण त्याच्या मुलीने ते शब्द मागितले तेव्हा मी तिला कळवलं की दोष तुमच्याच बाजूचा असणार. ते मात्र निष्काळजीपणाने झालेलं नाही. एकेक शब्द जुळवून, दोनदा वाचून मी ते पत्र पाठवलं होतं.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका मगमुळे.

सांता क्लाराला आमच्या ऑफिसात दर ऑक्टोबरमध्ये वेलनेस वीक असतो. दीर्घ श्वास कसा घ्यावा हे सांगायला बाहेरून कुणीतरी येतं, पँट्रीत फळं कापून ठेवतात आणि जाताना प्रत्येकाला एक भेटवस्तू मिळते. या वेळी पांढरा मग होता. त्यावर निळ्या लाटा आणि एक इंग्रजी वाक्य: ‘नाव गेली, नदी गेली नाही.’ खाली बारीक अक्षरांत ‘प्राचीन चिनी म्हण’.

मी तो मग हातात धरून कॉफीच्या मशीनसमोर तसाच उभा राहिलो. मागच्याने विचारलं, “ब्रो, आर यू इन लाइन?”

ती म्हण नाही. ती प्राचीन तर अजिबात नाही. ते वाक्य वूस्टर गावातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात एक निवृत्त कारकून आपल्या मुलीला बोलला होता, आणि मगवर ते अर्धंच होतं. पूर्ण वाक्य असं आहे: नाव गेली, नदी गेली नाही, थांब, शेंगा सोल.

शेंगा काढून टाकल्या होत्या. साऱ्या बोलण्याचा जीव त्या शेंगांत होता. त्या काढल्या की मागे उरतं ते कुठल्याही भिंतीवर टांगता येतं. आणि ज्या माणसाचं ते बोलणं, त्यालाही काढून टाकून त्याच्या जागी ‘प्राचीन’ लिहिलं होतं.

घरी येऊन मी मग टेबलावर आपटला. माझी बायको सुनंदा भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “आता काय झालं?”

“हे बघ. प्राचीन चिनी म्हण म्हणे.”

“मागच्या वर्षी टी-शर्टवर चिडला होतास. त्याच्या आधीच्या वर्षी पाण्याच्या बाटलीवर.”

“ही म्हण नाहीये. मी या माणसाला ओळखतो.”

“कुणाला? चिन्याला?”

आमची ईशा सोफ्यावरून म्हणाली, “बाबा, इट्स जस्ट अ मग.”

मी गॅरेजमध्ये गेलो. सर्वात मागे, इस्त्रीच्या मोडक्या टेबलाखाली, एक खोका आहे. चार घरं बदलली तरी तो मी दर वेळी स्वतःच्या हाताने उचलून आणला आणि एकदाही उघडला नाही. त्यात काय आहे ते सुनंदाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

वर टेप लावलेली होती, ती सुकून पापडासारखी निघून आली. आत सलग कागदाची एक चळत. दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असायच्या आणि पान पानाला जोडलेलं असायचं, तो कागद. त्याला अजून वास होता. प्रिंटरच्या शाईच्या फितीचा, थोडा रॉकेलसारखा, थोडा गरम धुळीचा. त्या वासाबरोबर ते सेंटर आलं. खिडकीखाली टकटक वाजणारे हीटर, ओल्या बुटांनी कुजका वास धरलेला गालिचा, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता, जेव्हा बाकी सगळे झोपलेले असत, तेव्हा एकटा मी. शिकता शिकता तिथली यंत्रं सांभाळायचं काम मला मिळालं होतं. विद्यापीठात राहण्याची सोय त्या कामावर होती, आणि व्हिसाही.

त्या यंत्रांपैकी एकावर एक मेलिंग लिस्ट चालायची. आज कुणाला हे समजावावं लागतं. एका पत्त्यावर पत्र पाठवलं की ते यादीतल्या दोनेकशे लोकांना जायचं, आणि कुणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना. फोटो नाहीत, अंगठे नाहीत, हृदयं नाहीत. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. आमची लिस्ट चिनी कवितेची होती.

मी नागपूरचा, इंदोरा वस्तीतला. चिनी कविता वाचायला तिथला मुलगा कसा गेला, असं सगळे विचारतात. आमच्या घरी बुद्धविहारातून आणलेलं एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं तरी चित्रासाठी ठेवलेलं. पाठीवर पोथ्यांचं ओझं बांधलेला एक चिनी प्रवासी, ओझं इतकं उंच की त्याच्या डोक्यावर छत्रीसारखं आलेलं. बाबा नागपूर स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकून होते. त्या चित्राकडे बोट दाखवून ते म्हणायचे, “याने नेल्या म्हणून उरल्या. इथे ठेवल्या त्या गेल्या.” आणि मग, स्वतःच्या नोकरीबद्दल बोलत असल्यासारखं, “पार्सलवाल्याचं काम एकच. आत काय आहे ते त्याला कळो न कळो, पोचवायचं.”

मला ती लिस्ट दिसली तेव्हा वाटलं, हे त्या चित्रातल्या माणसाचं गाव.

सोमवारी एक कविता यायची. चिनी अक्षरं त्या काळच्या ईमेलमधून सरळ जात नसत. ती साध्या इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कोडात गुंडाळून पाठवायची. पडद्यावर नुसता कचरा दिसे. मग एक छोटा प्रोग्रॅम चालवायचा, आणि त्या कचऱ्यातून एकेक अक्षर वर यायचं, वाटाणे पाण्यात फुगावेत तसं सावकाश. त्याखाली रोमन लिपीत उच्चार असे, आणि प्रत्येक उच्चारामागे एक आकडा, सूर चढतो की उतरतो ते सांगणारा. त्याखाली शब्दाला शब्द. एवढंच. भाषांतर द्यायचं नाही, हा नियम. भाषांतर आठवडाभर सगळ्यांनी मिळून करायचं.

मला चिनी येत नव्हतं, आजही येत नाही. पण ते सुटे शब्द मी ओठांत धरून हिंडायचो. धक्का. रिकामा. दोर. ओला. बसमध्ये, बर्फातून चालताना, कपडे धुवायच्या मशीनसमोर. माझा रूममेट प्रदीप, तोही नागपूरचा, मला म्हणायचा, “अबे, मराठी कविता तरी वाचली का कधी? थेट चिनी वाचून राहिला.”

“वाचत नाही. ऐकतो.”

“ऐक ऐक. भात करपून राहिला तिकडे, त्याचं पण ऐक.”

लिस्टवर वनस्पतिशास्त्राचे एक मास्तर होते. कवितेत फूल आलं की दोन आठवडे गेलेच म्हणून समजा. हा प्लम नाही, ॲप्रिकॉट आहे. त्या प्रांतात त्या महिन्यात हे फुलूच शकत नाही. कवी खोटं बोलतो आहे. लोक चिडायचे, थट्टा करायचे आणि सोमवारी पुन्हा हजर व्हायचे. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. कुणी कुणाचं वय विचारलं नाही. इतक्या सभ्य लोकांत मी त्यानंतर कधी बसलो नाही.

आता बाणाबद्दल सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. उत्तर देताना आधीच्या माणसाच्या ओळी तशाच ठेवायच्या आणि प्रत्येक ओळीपुढे डावीकडे बाणाच्या टोकासारखी एक खूण लावायची, ही तेव्हाची पद्धत. बाण म्हणजे: हे शब्द माझे नाहीत, दुसऱ्याचे आहेत. मग खाली, बाण न लावता, आपलं म्हणणं. अनोळखी माणसांनी कायद्याशिवाय पाळलेला तो प्रामाणिकपणा होता.

शेनबाई वूस्टरमधल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होत्या. जेवणाच्या सुटीत हॉस्पिटलच्या लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवरून पत्र लिहायच्या. त्यांचे वडील त्यांच्याकडे राहायचे. नव्वदीला टेकलेले, दृष्टी गेलेली. चीनमधल्या एका नदीवर फेरीबोटीच्या धक्क्यावर त्यांनी आयुष्यभर तिकिटं फाडली होती. शेनबाई रविवारी त्यांना कविता वाचून दाखवायच्या आणि ते जे बोलतील ते इंग्रजीत करून सोमवारी आम्हाला लिहायच्या. आणि वडिलांच्या प्रत्येक ओळीपुढे बाण लावायच्या.

बाकी सगळ्यांचे बाण म्हणजे आधी येऊन गेलेल्या ओळींची पुन्हा आलेली नक्कल. फक्त शेनबाईंचे बाण पहिल्यांदाच येणाऱ्या ओळींपुढे असायचे. त्या एकदा म्हणाल्या होत्या, हे शब्द माझे नाहीत, म्हणून खूण लावते. वडील खोलीत आहेत, त्यांचं बोलणं माझं म्हणून कसं पाठवू?

रिकाम्या धक्क्याच्या त्या कवितेवर आम्ही सगळे आठवडाभर विरहाबद्दल बोलत होतो. मग शेनबाईंचं पत्र आलं. वडील म्हणतात: दोर ओला आहे म्हणजे नाव आत्ताच सुटली. धक्का रिकामा आहे म्हणजे हा एकटाच उशिरा आला. दुसरी नाव यायला दोन तास. नाव गेली, नदी गेली नाही. थांब, शेंगा सोल.

मी सेंटरमध्ये एकटाच मोठ्याने हसलो. बाबांना पत्रात लिहिलं. बाबांनी हवाईपत्राच्या कडेला उत्तर लिहिलं: तो माणूस आपल्या खात्यातला दिसतो.

ही पत्रं मी छापून ठेवू लागलो, बसमध्ये वाचायला. लिस्टची सगळी जुनी पत्रं सेंटरच्या साठवणीत असत, तिथून छापायची. प्रत्येक पानाच्या डोक्यावर साठवणीच्या फाइलचं नाव आणि तारीख आपोआप छापली जाई. ती तारीख लक्षात ठेवा.

मार्चमध्ये, बर्फ काळं पडून रस्त्याच्या कडेला उरलेलं असताना, आमच्या सुपरवायझरने मला बोलावलं. डिस्क भरली होती.

“हे यंत्र संशोधनासाठी आहे. कवितांचं गोदाम नाही. सोमवारपर्यंत निम्मं कर, नाहीतर मी सगळंच काढतो.”

मी रविवारी सकाळी बसलो आणि मला एक युक्ती सुचली. साठवणीत निम्म्याहून जास्त ओळी नुसत्या नकला होत्या. एकाची ओळ दहा जणांच्या उत्तरांत, बाण लावून. मग बाण असलेली प्रत्येक ओळ काढून टाकली तर? मूळ कुठेतरी असणारच. एका ओळीचा प्रोग्रॅम. मी तो चालवला, कॉफी आणायला गेलो आणि परत आलो तेव्हा व्यापलेली जागा निम्म्याहून कमी झाली होती. मला स्वतःचं कौतुक वाटलं. ते कौतुक मला अजून आठवतं, तोंडातल्या कडू चवीसारखं.

शेनबाईंची पद्धत सगळ्यात जास्त मला माहीत होती. त्या रविवारी ती मला आठवली नाही. बर्फातून, वाळवंटातून पोथ्या नेणाऱ्या माणसाचं चित्र बघत मी वाढलो, आणि गरम खोलीत खुर्चीवर बसून, कॉफीचा एक कप भरायला लागतो तेवढ्या वेळात मी हे केलं.

नवव्या दिवशी त्यांचं पत्र आलं, लिस्टला नाही, मला. वडील गेले. पुढच्या आठवड्यात घरची माणसं जमणार आहेत, भाऊ चीनहून येणार आहे. वडिलांचे शब्द छापून सगळ्यांना द्यायचे आहेत. माझ्याकडे प्रत नाही, हॉस्पिटलचा कॉम्प्युटर पत्रं ठेवत नाही. साठवणीत माझी पत्रं उघडली तर त्यांत वडील नाहीत. मी कुठे चुकते आहे?

मी उघडून पाहिलं. ‘वडील म्हणतात:’ आणि खाली रिकामं. पुढच्या पत्रात ‘वडील म्हणतात:’ आणि खाली रिकामं. पत्रामागून पत्र.

हे इथे संपलं असतं तर तो अपघात ठरला असता. पण सेंटरमध्ये सगळ्या डिस्कची टेपवर नक्कल होत असे आणि टेप चौदा दिवस राहायची. नऊ झाले होते. पाच उरले होते. मला फक्त सुपरवायझरकडे जाऊन सांगायचं होतं की मी चुकीचं पुसलं, टेप लावू द्या. काम गेलं असतं कदाचित. त्याच्याबरोबर व्हिसा. कदाचित काहीच झालं नसतं, तो नुसता खेकसला असता. मी ते कधी पडताळून पाहिलंच नाही. पाच दिवस मी त्याच्या केबिनसमोरून दिवसातून चारदा गेलो. सहाव्या दिवशी त्या टेपवर दुसरं काहीतरी चढलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही चीड येते. व्हिसाची भीती खरी होती, पण त्या भीतीमागे मी आता लपणार नाही.

शेनबाईंना मी त्याआधीच लिहून टाकलं होतं: तुम्ही पत्रं ज्या पद्धतीने पाठवता तिच्यात दोष असावा, त्यामुळे तुमच्या त्या ओळी साठवणीत टिकल्या नाहीत. तुमच्या बाजूने तपासून पाहा.

दुसऱ्या दिवशी लिस्टवर, सगळ्यांना, शेनबाईंचं पत्र आलं. माझी पाठवण्याची पद्धत सदोष होती असं मला कळवण्यात आलं आहे. माझ्यामुळे यंत्राची जागा आणि तुमचा वेळ वाया गेला. कुणाकडे माझ्या वडिलांचे शब्द उरले असतील तर कृपा करून पाठवा. मी सर्वांची माफी मागते.

कुणाकडे नव्हते. जागा सगळ्यांनाच कमी असायची. लोक वाचायचे आणि पुसायचे, साठवण आहे या भरवशावर. म्हणजे माझ्या भरवशावर. वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांनी आठवणीतून दोन तुकडे पाठवले. आणखी एकाने ते नावेचं वाक्य आपल्या प्रत्येक पत्राखाली सहीसारखं लावायला सुरुवात केली. सही लहान असावी असा संकेत होता, म्हणून त्याने शेंगा काढल्या. हेतू चांगलाच असणार. तिथून ते वाक्य कुठल्या कुठल्या हातांतून माझ्या ऑफिसच्या पँट्रीत पोचलं, देव जाणे.

आणि माझ्या खोलीत, पलंगाखाली, छापलेले कागद होते. त्यांत वडिलांची अकरा बोलणी होती, शब्दन् शब्द. मी ते पाठवले नाहीत. कारण प्रत्येक पानाच्या डोक्यावर साठवणीचं नाव आणि तारीख होती. त्या ओळी साठवणीत नीट पोचल्या होत्या, नीट टिकल्या होत्या, हे ती पानं ओरडून सांगत होती. ती पाठवली असती तर मी उघडा पडलो असतो.

शेनबाईंनी पुन्हा लिहिलं नाही. सोमवार रिकामे जाऊ लागले. पुढे कुठल्याशा कंपनीने अशा सगळ्या लिस्ट फुकट चालवून देतो म्हणून सांगितलं, मग ती कंपनी दुसरीने घेतली आणि त्या दुसरीने पंधरा दिवसांची नोटीस देऊन सगळं बंद केलं. लोकांच्या हजारो सोमवारांवर कुणीतरी एक बटण दाबलं. आणि वर आज मला तरुण पोरं सांगतात की इंटरनेटवरून काहीच पुसलं जात नाही. मला याचा संताप येतो. पुसलं जातं. मी पुसलं आहे. जे पुसलं जात नाही ते अर्धवट, निनावी, मगवर छापण्याजोगं. माणूस जातो, शेंगा जातात, लाटा उरतात.

आज फोनला विचारलं तर तो कुठल्याही चिनी कवितेचं भाषांतर डोळ्याचं पातं लवायच्या आत देतो. ते नीटनेटकं असतं. दोर ओला का आहे हे मात्र धक्क्यावर उभं राहिलेल्या माणसालाच कळतं.

मी गॅरेजच्या फरशीवर बसून ती पानं वाचत होतो तेव्हा सुनंदा दारात येऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. तिने एक पान उचलून उजेडात धरलं. मग म्हणाली, “आणि तू मगवाल्यांवर चिडतोस?”

शेनबाईंना शोधणं अवघड गेलं नाही, आणि याचीच जास्त लाज वाटली. वूस्टरशेजारच्या श्रूजबरी गावाच्या सार्वजनिक वाचनालयात त्या अनेक वर्षं चिनी वाचन शिकवायच्या, हे वाचनालयाच्या एका जुन्या पत्रकावर होतं. वाचनालयाने माझं पत्र पुढे पाठवलं. त्यांच्या मुलीने, ग्रेसने, एका ओळीत उत्तर दिलं: आईला तुम्ही आठवता, या.

प्रदीप आता श्रूजबरीतच राहतो. त्यानेच मला विमानतळावरून आणलं. गाडी चालवता चालवता म्हणाला, “तीस वर्षांनी माफी मागून राहिला का? अबे, ती विसरली असेल.”

“विसरली असेल तर आधी आठवण करून देईन. मग मागेन.”

“आणि ओरडली तर?”

“तर ओरडली.”

शेनबाई ऐंशीच्या पुढे आहेत. लहानखुऱ्या, ताठ, कानात यंत्र. मी ज्या शहरात राहायचो तिथून त्यांचं घर तेव्हाही बसने पाऊण तासावर होतं. स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर एका वाडग्यात भाजलेल्या शेंगा होत्या. मी त्यांना हात लावू शकलो नाही. बसल्या बसल्या सांगायला सुरुवात केली, मध्ये थांबलो असतो तर राहिलं असतं. डिस्क, प्रोग्रॅम, टेप, पाच दिवस, पत्र. मग पानं पुढे ठेवली.

त्यांनी पानांना हात लावला नाही. माझ्याकडे बघत विचारलं, “माझी पद्धत चुकीची नव्हती?”

“नाही.”

“मी ते पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. कुठली कळ दाबली, काय राहिलं.”

“तुमचं काहीच राहिलं नव्हतं.”

“माझा भाऊ आला तेव्हा त्याने विचारलं, बाबा शेवटच्या वर्षी काय बोलले? मी म्हटलं, मी लिहून ठेवलं होतं, माझ्या हातून गेलं. तो म्हणाला, लहानपणापासून तू अशीच धांदरट.” त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं. “तो वारला. तेच डोक्यात घेऊन.”

ग्रेस उठून सिंकपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. ते तिथे शोभलंही नसतं.

मग त्यांनी चष्मा लावला आणि वरचं पान ओढलं. ओठ हलत होते. तिसऱ्या पानावर थांबून बोट ठेवलं. मी फोनवरचा मगचा फोटो दाखवला. त्यांनी फोन नाकाशी नेऊन वाचला.

“शेंगा कुठे?”

“काढल्या.”

“प्राचीन,” त्या म्हणाल्या. “बाबा प्राचीन नव्हते. त्यांना मधुमेह होता. डॉक्टरांनी मोजून शेंगा खायला सांगितलं होतं, म्हणून नुसत्या सोलत बसायचे.” आणि त्या हसल्या, माझ्यासाठी नाही, त्या पानासाठी.

मी उठून म्हटलं, “मिसेस शेन, मला माफ करा.”

“बस,” त्या म्हणाल्या. हसू गेलं होतं. “ही माफी मला इथे नको. मी स्वयंपाकघरात मागितली नव्हती. मी सगळ्यांसमोर मागितली होती.”

ग्रेस वळून म्हणाली, “मॉम, ती लिस्ट आता नाहीये.”

“माणसं असतील ना.”

बरोबर होतं त्यांचं. सिंकवरच्या कपाटातून त्यांनी एक वही काढली. त्या काळी ज्यांच्या ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांचे पत्ते, सुबक अक्षरांत, प्लम की ॲप्रिकॉट या वादात कोण कुठल्या बाजूला होतं तसे गट करून. “इथून सुरुवात कर,” त्या म्हणाल्या, आणि शेंगांचा वाडगा माझ्याकडे सरकवला. “आणि नुसता बसू नकोस. सोल.”

तीन आठवडे शोधत होतो. बरेच पत्ते मेलेले निघाले, काही माणसंही. वनस्पतिशास्त्राच्या मास्तरांच्या मुलाने कळवलं की ते आता ओळखत नाहीत, पण मी वाचून दाखवेन. शेवटी सतरा जण मिळाले. त्या सतरा जणांना आणि शेनबाईंना मी हे पत्र पाठवलं, जुन्या पद्धतीने, साध्या अक्षरांत. मूळ इंग्रजीत होतं. मराठीत इथे देतो, कारण माझ्या भाषेतल्या लोकांसमोरही ते व्हायला हवं.

‘मित्रांनो, तीस वर्षांपूर्वी श्रीमती शेन यांनी या लिस्टवर तुम्हा सर्वांची माफी मागितली होती. त्यांच्या पाठवण्याच्या पद्धतीत काही दोष नव्हता. त्यांच्या वडिलांचे शब्द साठवणीत नीट पोचले होते. ते मी पुसले. ते परत आणता येत होते तेव्हा मी गप्प राहिलो, आणि दोष त्यांच्यावर ढकलला. माझ्याकडे अकरा बोलणी छापलेली होती, ती मी लपवून ठेवली. ती सोबत जोडली आहेत. त्या प्रत्येक ओळीपुढे बाण आहे, कारण ते शब्द त्यांच्या वडिलांचे आहेत. कुणाला पुढे पाठवायची असतील तर शेंगांसकट पाठवा. या ओळींपुढे बाण नाही, कारण हे शब्द माझे आहेत. त्या दिवशी श्रीमती शेन यांनी तुमच्याकडे मागितलेली माफी त्यांना परत करा. ती मागायची होती मी. आज मागतो, आधी त्यांची, मग तुमची. चूक माझी होती.’